सरसकट कपातीचा अमेरिकन प्रयोग



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावणे पाठविले तेव्हा ‘कामगार चळवळीवर बोला’ असे सुचविले होते. आम्ही त्यांना म्हटले, चळवळीवर आम्ही रोजच बोलतो. गेटवर बोलतो, कचेरीच्या पायऱ्यांवर बोलतो. येथे निवांत ऐकणारा श्रोता मिळतो आहे, तर एक हिशेबाचा विषय घेऊ. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने आणि गावच्या वाचनालयाने केले. तेव्हा पंडिती भाषा आमच्याकडून होणार नाही. पण आकडा चाचपून घेतल्याशिवाय तुमच्यापुढे ठेवणार नाही, एवढे वचन देतो.

विषय असा की, सरकारी खर्चात कपात करायची आहे आणि ती कोठे करायची हे मात्र कोणालाच सांगायचे नाही. मग काय करावे? एक यंत्र बसवावे. अमुक तारखेपर्यंत तुमचे एकमत झाले नाही तर यंत्र आपोआप सुरू होईल आणि प्रत्येक खात्याचे ठराविक टक्के कापून टाकील. हे आम्ही गंमतीने सांगत नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाने, अमेरिकेने, असे यंत्र कायद्याने बसविले आणि २०१३ साली ते खरोखरच चालले. तेथे त्याला ‘सीक्वेस्टर’ म्हणतात. शब्द कोर्टातला आहे. आपल्याकडे बेलिफ येऊन भांडीकुंडी ताब्यात घेतो त्या जातीचा. मराठीत ‘जप्ती’ म्हटले की बरोबर अर्थ पोचतो. फरक इतकाच की, येथे सरकारने स्वतःच्याच घरावर जप्ती आणली.

कल्पना जुनी आहे. १९८५ साली ग्रॅम, रडमन आणि हॉलिंग्ज या तीन सेनेटरांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. दरवर्षी तूट किती उतरली पाहिजे याचे आकडे त्यात घातले होते आणि ती उतरली नाही तर आपोआप कपात. १ मार्च १९८६ रोजी पहिली कपात लागू झाली. संरक्षणाकडे ४.९ टक्के, इतर खात्यांकडे ४.३ टक्के. पुढे सुप्रीम कोर्टाने कपातीची अंमलबजावणी ज्या अधिकाऱ्याकडे सोपविली होती तीच घटनाबाह्य ठरविली, मग कायदा दुरुस्त केला, मग तुटीचे आकडे पुढे ढकलले, आणि १९९० साली कपातीचा आकडा फारच अक्राळविक्राळ दिसू लागला तेव्हा कायद्याची सगळी चौकटच बदलली. एवढ्या अनुभवानंतर माणूस शहाणा व्हावा. पण सरकारे माणसांसारखी शिकत नाहीत.

२०११ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत कर्जाच्या मर्यादेवरून भांडण पेटले. तेथे सरकारने किती कर्ज काढावे याची मर्यादा कायदेमंडळ ठरविते. ती संपत आली होती. अध्यक्ष ओबामा डेमोक्रॅटिक पक्षाचे, प्रतिनिधिगृहात बहुमत रिपब्लिकन पक्षाचे. खर्च कमी करा, नाहीतर मर्यादा वाढवू देणार नाही, असा पवित्रा बहुमताने घेतला. २ ऑगस्टला तडजोड झाली आणि अर्थसंकल्प नियंत्रण कायदा आला. त्यात बारा सभासदांची एक समिती नेमली. दोन्ही पक्षांचे सहा सहा. तिने दहा वर्षांत १ लाख २० हजार कोटी डॉलर वाचविण्याची योजना आणायची. न आणली तर यंत्र चालू. अर्धी कपात संरक्षणातून, अर्धी इतर कामांतून. म्हणजे एका पक्षाचे लाडके मूल आणि दुसऱ्या पक्षाचे लाडके मूल, दोघांच्याही मानेवर एकच सुरी. सुरी इतकी भयंकर आहे की ती कोणी चालू देणारच नाही, मुकाट्याने तडजोड करतील, असा तर्क होता.

आम्ही वाटाघाटीत आयुष्य घालविले आहे, म्हणून या तर्कावर थोडे बोलतो. संपाची नोटीस देणे आणि संप करणे यांत फरक असतो हे खरे. पण नोटीस देणाऱ्याला जर संपाचे स्वतःला काहीच सोसावे लागणार नसेल, तर ती नोटीस तडजोड घडवीत नाही. त्या बारा सभासदांपैकी कोणाचे मूल सरकारी बालवाडीत नव्हते. कोणाची बिनपगारी रजा होणार नव्हती. २१ नोव्हेंबर २०११ रोजी समितीने हात वर केले. जानेवारी २०१३ ची तारीख दोन महिने पुढे ढकलली गेली, आणि १ मार्च २०१३ रोजी यंत्र सुरू झाले. त्या वर्षापुरती कपात ८,५०० कोटी डॉलरची.

आता हे यंत्र कापते कसे ते पाहा, कारण सगळी मेख तेथे आहे. संरक्षणेतर खात्यांना पाच टक्के, संरक्षणाला ७.८ टक्के. ऐकायला काही फार वाटत नाही. पाच टक्के काटकसर कोणाला जमत नाही? पण कायद्याचे म्हणणे असे होते की, खात्याचा खर्च एकूण पाच टक्क्यांनी कमी करून चालणार नाही. खात्यातल्या प्रत्येक कार्यक्रमाचा, प्रत्येक योजनेचा, प्रत्येक बाबीचा खर्च सारखाच कापला पाहिजे. घरात तंगी आली तर कर्ता माणूस तंबाखू सोडतो आणि म्हातारीचे औषध चालू ठेवतो. हा कायदा सांगत होता की, तंबाखूत पाच टक्के आणि औषधात पाच टक्के. तंबाखू सगळी सोडलीत तर गुन्हा! शिवाय अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. मार्च उजाडला तेव्हा पाच महिने सरले होते. वर्षाची कपात उरलेल्या सात महिन्यांत भरून काढायची, म्हणजे पाचाचे प्रत्यक्षात नऊ टक्के झाले आणि संरक्षणात तेरा.

आणि सगळेच कापले गेले असेही नाही. वृद्धांचे निवृत्तिवेतन, गरिबांची वैद्यकीय मदत, अन्नाची कुपने, माजी सैनिकांचे हक्क यांना कायद्याने वगळले होते, आणि ते योग्यच होते. कर्जावरचे व्याजही वगळले होते. त्यावर कोणी चर्चासुद्धा केली नाही. सावकाराचा हप्ता पवित्र, हे जगभर गृहीतच धरलेले असते.

मग कपात कोणावर आली? सर्वांत आधी लहान मुलांवर. अमेरिकेत १९६५ पासून ‘हेड स्टार्ट’ नावाच्या बालवाड्या चालतात. गरीब घरातल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांना तेथे शिकवितात, जेवू घालतात, दात-डोळे तपासतात. या कपातीमुळे ५७ हजार मुलांच्या जागा गेल्या. इंडियाना राज्यात दोन ठिकाणी तर वर्ष चालू असतानाच तीनेक डझन मुले कमी करावी लागली. कोणती करायची? चालकांनी चिठ्ठ्या टाकल्या. लॉटरी काढली म्हणा ना. आम्ही हे वाचले तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. त्या चालकांना आम्ही दोष देत नाही. आई दारूडी असलेले मूल ठेवावे की बाप बेकार असलेले, हे ठरविण्यापेक्षा चिठ्ठी बरी असे त्यांना वाटले असणार. ज्यांनी निवड करायची त्यांनी ती वॉशिंग्टनमध्ये केली नाही. म्हणून ती खाली खाली घरंगळत एका बालवाडीच्या बाईंच्या टेबलावर येऊन पडली.

आता याच वर्षातली दुसरी हकिकत ऐका. विमान वाहतूक खात्याचे ४७ हजार नोकर. त्यांत विमानांना वर-खाली उतरविणारे नियंत्रक सुमारे पंधरा हजार. २१ एप्रिलपासून त्यांना आळीपाळीने बिनपगारी सक्तीची रजा द्यायला सुरुवात झाली. साहजिकच विमाने खोळंबली. न्यूयॉर्कसारख्या विमानतळांवर प्रवासी तासन्‌तास ताटकळले. ओरड झाली. आणि चमत्कार असा की, ज्या कायदेमंडळाला दीड वर्षात एकमत करता आले नव्हते त्याने त्याच आठवड्यात कायदा केला. सेनेटमध्ये गुरुवारी रात्री मंजूर, प्रतिनिधिगृहात शुक्रवारी ३६१ विरुद्ध ४१ मतांनी मंजूर. विमानतळांच्या सुधारणेसाठी ठेवलेल्या निधीतून २५ कोटी ३० लाख डॉलरपर्यंत पैसे उचलण्याची मुभा दिली आणि २७ एप्रिलपासून रजा बंद झाल्या. सभासद लगेच सुट्टीवर आपापल्या गावी गेले. अर्थात विमानानेच.

विमाने सुटली याचे आम्हाला दुःख नाही. ते नियंत्रक आमच्याच जातीचे, पगारावर जगणारे लोक. १९८१ साली याच खात्यातल्या अकरा हजारांहून जास्त नियंत्रकांना संप केला म्हणून अध्यक्ष रेगन यांनी एका फटक्यात बडतर्फ केले होते. तो इतिहास कामगारांनी विसरू नये. आमचा मुद्दा वेगळा आहे. सहा दिवसांत सुटणारा प्रश्न आणि न सुटणारा प्रश्न यांत फरक कशाचा होता? विमानातल्या प्रवाशाच्या हातात फोन होता आणि त्याचा आवाज पोचत होता. चार वर्षांच्या मुलाला आपली बालवाडी बंद झाली हे सांगताही येत नाही. मांसाची तपासणी करणाऱ्या निरीक्षकांचेही असेच. निरीक्षक हजर नसेल तर तेथे कत्तलखाना चालविता येत नाही, म्हणजे मालकाचा धंदा बंद. त्यामुळे त्यांच्यासाठी मार्चमध्येच साडेपाच कोटी डॉलर निघाले. सरसकट म्हणून जी कपात आणली ती महिन्या-दोन महिन्यांत अशी निवडक झाली. निवड झालीच, फक्त ती उघड मतदानाने गरजेप्रमाणे न होता ओरडण्याच्या ताकदीप्रमाणे झाली.

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची, आदिवासींची गोष्ट तर फारशी कोणाच्या कानावरच गेली नाही. त्यांच्या जमिनी घेताना सरकारने करार केले, त्यांत आरोग्य आणि शिक्षण यांची जबाबदारी घेतली. त्यांच्या आरोग्यसेवेतून त्या वर्षी सुमारे २२ कोटी डॉलर कापले. माजी सैनिकांची इस्पितळे वगळली होती, ही वगळली नाहीत. त्यांच्या शाळांचे आणखी वाईट. आदिवासींच्या राखीव भूमीवर जमीनमहसुलासारखा स्थानिक कर बसत नाही, म्हणून त्या शाळांना केंद्राकडून भरपाई मिळते. इतर शाळांना कपात पुढच्या शालेय वर्षापासून लागली. यांना वर्षाच्या मध्येच लागली. ज्याच्यापाशी दुसरे उत्पन्न नाही त्यालाच आधी!

कॅन्सरच्या औषधांचा हिशेब आम्ही मुद्दाम सांगतो, कारण दोन टक्के ही चीज किती फसवी असते ते त्यात दिसते. पासष्ट वर्षांवरील लोकांसाठी तेथे ‘मेडिकेअर’ नावाचा सरकारी विमा आहे. त्याच्यावर कपात फक्त दोन टक्के ठेवली होती. कॅन्सरचा डॉक्टर महागडे औषध कंपनीकडून विकत घेतो, रोग्याला टोचतो, आणि सरकार त्याला औषधाची सरासरी किंमत अधिक सहा टक्के देते. त्या सहा टक्क्यांत साठवण, नर्स, वाया गेलेली बाटली सगळे आले. आता दोन टक्के कापले ते वरच्या सहावर कापले नाहीत. औषधाच्या किमतीसकट सगळ्या देण्यावर कापले. कंपनीने भाव कमी केला नाही. सहाचे जवळजवळ सव्वाचार उरले. काही दवाखान्यांनी सांगितले की, आम्हाला परवडत नाही, तुम्ही मोठ्या इस्पितळात जा. रोगी गेले. आणि मोठ्या इस्पितळात तेच औषध सरकारलाच जास्त महाग पडते. काटकसर झाली की खर्च वाढला, हे तुम्हीच पाहा.

अशीच गोष्ट गरिबांच्या वकिलांची. गरीब आरोपीला सरकारने वकील दिला पाहिजे असा निकाल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मार्च १९६३ मध्ये दिला होता. बरोबर पन्नास वर्षांनी, मार्च २०१३ मध्ये, सरकारी पगारावर असलेल्या या वकिलांना बिनपगारी रजेची पत्रे जाऊ लागली. फिर्यादी पक्षाच्या खात्याने इकडून तिकडून पैसे शोधून आपल्या लोकांची रजा टाळली. आरोपीला वकील तर द्यावाच लागतो. तो मग बाहेरून, तासाच्या दराने.

नोकरांच्या बाजूने बोललो नाही तर आमचे सभासद आम्हाला घरी जाऊ देणार नाहीत. त्या वर्षी सात खात्यांनी मिळून ७ लाख ७० हजारांहून अधिक नोकरांना एक ते सात दिवस बिनपगारी घरी बसविले. एकट्या संरक्षण खात्याच्या सुमारे साडेसहा लाख मुलकी नोकरांवर ही पाळी आली. आधी बावीस दिवस सांगितले, मग चौदा, मग अकरा, आणि शेवटी सहा दिवसांवर भागले. आता सहा दिवस म्हणजे काही उपासमार नव्हे. पण फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत घरमालकाला काय सांगायचे, मुलाची फी भरायची की थांबायचे, हे त्या कारकुनाला कळत नव्हते. आपल्याकडे गिरण्यांत ले-ऑफ असे. १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली आणि ले-ऑफच्या दिवसांना निम्म्या पगाराची भरपाई मिळू लागली. या लोकांना तेवढीही नव्हती. आणि एक मजेदार कलम असे की, रजेवर असलेल्याने फुकट काम करायचीही बंदी. कचेरीची पत्रे घरी बसून वाचलीत तरी कायदाभंग. काम पडून आहे, माणूस तयार आहे, आणि कायदा म्हणतो हात लावू नको. कर गोळा करणारे खातेसुद्धा तीन दिवस संपूर्ण बंद ठेवले, मे, जून आणि जुलैमध्ये एकेक दिवस. पैसे कमी पडले म्हणून दुकानदाराने गल्ल्यावरचा माणूस घरी पाठविला!

कोणी म्हणेल, आणि अमेरिकेत पुष्कळांनी म्हटले, की इतके करून आकाश काही कोसळले नाही. खरे आहे. आकाश कोसळले नाही, कारण खात्यांनी शिलकीतले पैसे वापरले, दुरुस्त्या पुढे ढकलल्या, रिकाम्या जागा भरल्या नाहीत, प्रशिक्षण बंद केले. छप्पर गळायला लागले तरी घर त्याच पावसाळ्यात पडत नाही. वैद्यकीय संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेचे १५५ कोटी डॉलर गेले आणि सुमारे सातशे संशोधनांना मिळणारे अनुदान मिळाले नाही. जे औषध सापडलेच नाही त्याचा मोर्चा कोण काढणार? त्यांच्या कायदेमंडळाच्याच अर्थसंकल्प कचेरीने आधी अंदाज दिला होता की, वर्षअखेर या कपातीपायी साडेसात लाख नोकऱ्या कमी असतील. ही काही आमच्यासारख्या लाल बावट्यावाल्यांची कचेरी नव्हे.

तुम्ही म्हणाल, हा अमेरिकेचा घोळ, आम्हाला काय त्याचे? म्हणून आता घराकडे वळतो. आपल्या देशात २००३ साली वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा झाला. तूट ठरल्यापेक्षा वाढली तर मंजूर खर्च प्रमाणशीर कमी करावा, असे कलम त्या मूळ कायद्यात घातले होते. व्याजासारखा घटनेने बांधील खर्च आणि करारांचा खर्च त्यातून वगळलेला. अमेरिकेसारखे यंत्र आपण चालविले नाही. आपल्याकडे तूट वाढली की उद्दिष्टाची तारीख पुढे जाते. पण सरसकट टक्क्यांची सवय आपल्यालाही आहे. मे २०२० मध्ये, साथीच्या दिवसांत, महाराष्ट्र शासनाने विकासाच्या योजनांचा खर्च ३३ टक्क्यांपर्यंतच करावा असा आदेश काढला आणि नोकरभरती थांबविली. आरोग्यासारखी काही खाती वगळली होती. तिजोरीत पैसा येत नव्हता हे आम्ही नाकारीत नाही. वगळले तेही ठीक. पण बाकीच्या सगळ्या योजना तेहेतीस टक्क्यांच्या एकाच मापाने मोजायच्या, हा प्रश्न उरतोच.

आमच्या डोळ्यांदेखत घडलेले सांगतो. एका नगरपालिकेत, नाव घेत नाही, एका वर्षी सर्व खात्यांना दहा टक्के कपात लावली. सफाई खात्याचा बहुतेक खर्च पगाराचा. कायम नोकराचा पगार कापता येत नाही. मग दहा टक्के आणायचे कोठून? डिझेलमधून, टायरमधून, झाडू-पाट्यांमधून आणि रोजंदारीवरच्या बायकांमधून. परिणाम असा की, ड्रायव्हर हजेरी लावून गाडीजवळ बसून, पगार पूर्ण. गाडी उभी, कारण डिझेल नाही. आणि ज्या बायका पहाटे चारला उठून बाजारपेठ झाडीत त्यांना ‘उद्यापासून येऊ नका’. त्यांच्या वस्तीवर आम्ही गेलो तेव्हा एकीने विचारले, “भाऊ, दहा टक्के म्हणजे आमच्यातली दहावी बाई ना? मग सगळ्याच कशा गेलो?” यापेक्षा चांगला प्रश्न आम्ही कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचलेला नाही. त्याच वर्षी त्या गावात एक मोठी कमान बांधून झाली. तिचे पैसे आधीच्या वर्षी मंजूर झाले होते. नियमाने सगळे बरोबर होते.

उधळपट्टी नसते असे आमचे म्हणणे नाही. दोन कारकुनांचे काम तीन जण करतात अशी टेबले आम्हालाही ठाऊक आहेत, आणि ते बोलून दाखविल्याबद्दल आमच्याच लोकांच्या शिव्या आम्ही खाल्ल्या आहेत. पण ते टेबल कोणते हे नाव घेऊन सांगावे लागते. सभागृहात उभे राहून, अमुक बंद करा, तमुक चालू ठेवा, म्हणावे लागते, आणि मग निवडणुकीला तोंड द्यावे लागते. टक्का सांगणाऱ्याला यातले काहीच करावे लागत नाही.

अमेरिकेत पुढे काय झाले तेही सांगायला हवे. डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही पक्षांनी समझोता करून पुढच्या दोन वर्षांच्या कपातीतले ६,३०० कोटी डॉलर परत दिले. त्यानंतर खर्चाच्या मर्यादा दर दोन वर्षांनी वाढवीत नेल्या आणि २०२१ नंतर त्या संपल्या. मेडिकेअरवरचे दोन टक्के मात्र साथीच्या काळापुरते थांबवून २०२२ साली पुन्हा चालू केले, आणि इतर खर्चांना पैसा दाखविण्यासाठी त्यांची मुदत वाढवीत वाढवीत २०३० च्या पुढे नेऊन ठेवली आहे. बालवाड्यांचे पैसे जानेवारी २०१४ मध्ये परत मिळाले. तोपर्यंत इंडियानातल्या त्या चिठ्ठीत निघालेल्या मुलांपैकी मोठी मुले पहिलीच्या वयाला येऊन ठेपली होती.

आपल्या नगरपालिकेचे अंदाजपत्रक दरवर्षी छापले जाते आणि मागितले तर पाहायला मिळते. या वर्षीची प्रत आम्ही बरोबर आणली आहे आणि ती बाहेर पुस्तकांच्या टेबलावर ठेवली आहे. सफाई, दवाखाना आणि शाळा यांच्या पानांवर खुणा घातल्या आहेत. ज्यांना पाहायची असेल त्यांनी पाहावी; प्रश्न असतील तर अध्यक्षांच्या परवानगीने आम्ही अर्धा तास येथेच थांबणार आहोत.